नवं रूप येतंय म्हणून थांबू का? बेळगाव, खानापूर, निपाणीकडून येणारे कॉम्प्युटर-लॅपटॉपचे नेहमीचे प्रश्न

जूनमध्ये कॉलेजं सुरू होताना आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर एकच विचारणा असते: नवीन मॉडेल येतंय म्हणे, थांबू का? यंत्र बाहेरून कसं दिसणार हे शेवटी बघा. आतलं काय काढता येणार, कुठला पोर्ट जाणार आणि चार्जर कुठला लागणार, हे आधी. खालची उत्तरं त्याच हिशेबानं लिहिली आहेत.

आत्ता घेऊ की थांबू?

काम अडलं असेल तर घ्या की. प्रोसेसर जवळपास दरवर्षी बदलतो, पण बाहेरचा सांगाडा फार सावकाश बदलतो. ॲपलच्या मॅक मिनीचं २०१० सालचं रूप २०२४ पर्यंत जवळजवळ तसंच टिकलं. मॅकबुक एअरचा एका बाजूला निमुळता होणारा आकार २००८ मध्ये आला आणि तो सपाट व्हायला २०२२ उजाडलं. डेस्कटॉपच्या डब्याचं तर विचारूच नका. इंटेलनं १९९५ मध्ये आणलेलं एटीएक्स माप अजून चालू आहे. मध्ये २००४ च्या सुमारास बीटीएक्स नावाचं नवं माप काढून बघितलं, ते दोन-तीन वर्षांतच गुंडाळलं. म्हणून ‘यंदा सगळंच बदलणार’ या बोलीवर जो थांबतो तो बहुतेक वेळा नुसताच थांबतो.

नव्या सांगाड्याचं पहिलं वर्ष हे जोखमीचंही असतं. ॲपलनं २०१५ मध्ये पातळ बटरफ्लाय कीबोर्ड आणला. बारीक धूळ गेली की कळ अडकायची किंवा एकदा दाबून दोनदा उमटायची. शेवटी मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०१९ च्या अखेरीपासून जुनी पद्धत परत आली. शिवाय नव्या मॉडेलची स्क्रीन, बिजागरी, वरचं कव्हर हे सुटे भाग बाजारात उतरायला वेळ लागतो. तेवढ्यात स्क्रीन फुटली तर लॅपटॉप दुकानात पडून राहतो. रूप अगदी नवं असेल तर पहिले चार-सहा महिने दुसऱ्यांना वापरू द्या.

थांबलं की स्वस्त मिळतं, हा जुना हिशेबही सध्या धरू नका. २०२५ च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि रॅम महागली. मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल या ब्रँडनं ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. ‘आत्ता ८ जीबी घेतो, पुढं वाढवतो’ हा बेत त्यामुळं महागात पडू शकतो.

अफवा किती खरी धरायची?

ती कुठून निघाली ते बघा. पेटंट ही सगळ्यात कच्ची खूण. कंपन्या शेकडो पेटंट घेतात, त्यातली बरीचशी कधीच वस्तू होत नाहीत. त्याहून पक्की म्हणजे पडदे आणि सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना गेलेल्या ऑर्डरची बातमी. त्यातून आकार आणि पडद्याचा प्रकार बऱ्यापैकी बरोबर निघतो, तारीख मात्र घसरते. सरकारी नोंद सगळ्यात पक्की. आपल्याकडं लॅपटॉप आणि ॲडॅप्टरना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळं मॉडेलचा नंबर तिथं दिसला की वस्तू बहुधा येणारच. पण त्या नोंदीत चित्र नसतं. ‘नोंदीवरून नवं डिझाइन उघड’ असा मथळा दिसला तर डिझाइनचा भाग लिहिणाऱ्याचा अंदाज समजा.

ओएलईडी पडद्याचा, बोटानं चालणारा मॅकबुक प्रो ही सध्याची मोठी चर्चा दुसऱ्या, म्हणजे कारखान्यांच्या ऑर्डरवाल्या प्रकारातली आहे. तिच्यासाठी पैसे बाजूला ठेवा, पण चालू काम अडवू नका.

पुढच्या दोन-तीन वर्षांत आतून खरा बदल कुठला?

रॅमचा. लॅपटॉपमध्ये पट्टीसारखी बसणारी एसओडीआयएमएम रॅम मागं पडत चालली आहे. कारण साधं आहे. चिप प्रोसेसरच्या जितकी जवळ तितका वेग जास्त आणि वीज कमी लागते. पट्टी, तिचा सॉकेट आणि मधली लांब वाट यांनी वेगाला मर्यादा येते. म्हणून पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर करतात. इंटेलनं २०२४ च्या लूनर लेक प्रोसेसरमध्ये तर ती प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवली. घेताना १६ किंवा ३२ जीबी, पुढं काही नाही. पुढच्या पँथर लेकमध्ये ती पुन्हा पॅकेजबाहेर आली, पण बोर्डवर सोल्डर करायची की नाही हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो.

मधला मार्ग आहे एलपीकॅम२. मूळ कॅम२ मापाला जेडेक या मेमरीची मापं ठरवणाऱ्या संस्थेनं डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. हा चौकोनी तुकडा बोर्डवर आडवा दाबून स्क्रूनं बसवतात, वेग सोल्डर केलेल्या रॅमच्या जवळपास आणि तरी बदलता येतो. लेनोवोच्या थिंकपॅड पी१ च्या २०२४ च्या मॉडेलात तो आला. अजून महागड्या यंत्रांतच दिसतो, आणि त्याचा सुटा तुकडा बेळगावच्या खडे बाजारात मागून लगेच मिळेल असं समजू नका. जास्त लॅपटॉपांत तो आला तर दुरुस्तीच्या दृष्टीनं बरं होईल. बातमी असल्या बदलाची हवी; नुसता एका रंगाचा लॅपटॉप जाऊन दुसऱ्या रंगाचा आला, त्यात बातमी कसली?

रॅम सोल्डर केलेली आहे हे दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं?

डिस्प्लेला ठेवलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. खाली ‘फॉर्म फॅक्टर’ अशी ओळ असते. तिथं ‘एसओडीआयएमएम’ असेल तर पट्टी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर बोर्डवर डकवलेली आहे. काही लॅपटॉपांत थोडी रॅम सोल्डर आणि वर एक रिकामा स्लॉट असा मिश्र प्रकार असतो. त्या वेळी या ओळीवर विसंबू नका, त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा. डेल, एचपी, लेनोवो तिन्ही ते त्यांच्या साइटवर फुकट देतात.

एसएसडीचं मापही त्याच मॅन्युअलात बघा. बहुतेक एसएसडी २२८० असतात, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. छोट्या लॅपटॉपांत २२४२ किंवा २२३० मापाचीच जागा असते. लांब एसएसडी आणून स्क्रूला जागा नाही म्हणून चिकटपट्टी लावणं हा आपल्याकडचा नेहमीचा पराक्रम. गरम झाल्यावर पट्टी सुटते आणि एसएसडी मध्येच दिसेनाशी होते.

स्वतः उघडणार असाल तर दोन गोष्टी. काही स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. आणि सगळे स्क्रू एका लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की तळहात टेकतो तिथं वर फुगवटा येतो, तो परत बसत नाही. काढलेले स्क्रू कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्या त्या जागी ठेवा. झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढा, मग दुसरीकडं हात लावा.

‘एआय पीसी’ घ्यायलाच पाहिजे का?

नाही. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस शिक्क्यासाठी ४० टॉप्स वेगाचा एनपीयू (एआयची कामं करणारा प्रोसेसरचा भाग), १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज लागतं. ही यंत्रं जून २०२४ पासून आली. टॅली, डीटीपी, ऑनलाइन अर्ज यांतलं काहीही एनपीयूवर चालत नाही. या शिक्क्याचा खरा फायदा एकच, १६ जीबीच्या खाली कोणी देऊ शकत नाही.

स्नॅपड्रॅगनवाल्या लॅपटॉपची बॅटरी दिवसभर पुरते म्हणतात. घेऊ?

लिहिणं-वाचणं, ब्राउझर, मीटिंग एवढंच असेल तर खुशाल घ्या. पण स्नॅपड्रॅगन हा इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या, एआरएम पद्धतीचा प्रोसेसर आहे. या एआरएम यंत्रांवर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: जुने साधे प्रोग्राम विंडोज भाषांतर करून चालवतं, ड्रायव्हरचं, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, भाषांतर मात्र होत नाही. ड्रायव्हर एआरएमसाठी वेगळा बनवलेला नसेल तर ते उपकरण बंदच. जुन्या मराठी-कन्नड टाइपसेटिंग सॉफ्टवेअरचा डोंगल (यूएसबीची किल्ली), टेंडर भरणाऱ्या कंत्राटदाराचा डिजिटल सहीचा टोकन, अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र, जुना लेसर प्रिंटर, प्लॉटर हे सगळे यात अडकतात. घ्यायच्या आधी आपली सगळी यूएसबी उपकरणं पिशवीत घालून दुकानात न्या आणि लावून बघा. इंजिनियरिंगच्या मुलांनी, विशेषतः मेकॅनिकलच्या, सॉलिडवर्क्स लागणार असेल तर इंटेल किंवा एएमडीचाच घ्यावा.

पोर्ट कमी होत चाललेत. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्याच्या सीएनसी (कॉम्प्युटरनं चालणाऱ्या) मशीनला लॅपटॉप कसा जोडायचा?

नऊ पिनांचा सीरियल पोर्ट लॅपटॉपवरून केव्हाच गेला, आता काही मॉडेलांत साधा यूएसबी-ए सुद्धा एकच उरला आहे. यूएसबी-टू-सीरियल कन्व्हर्टर लागतो आणि गडबड तिथंच होते. स्वस्त कन्व्हर्टरांत नकली चिप असते. विंडोज अपडेट झाल्यावर ड्रायव्हर तिला ओळखायचं सोडतो. एफटीडीआय कंपनीच्या अस्सल चिपचा घ्या. दरवेळी त्याच यूएसबी पोर्टात लावा, नाहीतर कॉम नंबर (विंडोज त्या जोडणीला देतं तो क्रमांक) बदलू शकतो आणि ‘काल चालत होतं, आज नाही’ सुरू होतं. बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट हे मशीनच्या पॅरामीटरशी तंतोतंत जुळवा. फॅनकच्या कंट्रोलरवर ७ बिट आणि ईव्हन पॅरिटी बऱ्याचदा दिसते, तर सॉफ्टवेअर मुळात ८ आणि नन धरून बसलेलं असतं. प्रोग्रामऐवजी भलतीच अक्षरं उमटली तर आधी हेच तपासा.

पोर्ट जळणं हा दुसरा प्रकार. मशीनचं अर्थिंग आणि ऑफिसचं अर्थिंग यांत फरक असेल तर तो करंट केबलच्या ग्राउंडमधून लॅपटॉपमध्ये शिरतो. ऑप्टिकल आयसोलेशन असलेला (सिग्नल उजेडानं पलीकडं जातो, करंट जात नाही असा) कन्व्हर्टर घ्या. तो साध्यापेक्षा महाग पडतो, तरी मदरबोर्डपुढं काहीच नाही. ते नको असेल तर निदान प्रोग्राम पाठवताना लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ठेवा.

शाळा-मंगल कार्यालयांतल्या जुन्या व्हीजीए प्रोजेक्टरसाठी ‘एचडीएमआयमधून व्हीजीएकडं’ जाणारा ॲडॅप्टर मागा. दिसायला सारखाच उलट्या दिशेचाही मिळतो, तो चालत नाही.

आता सगळ्यांना एकच चार्जर होणार ना?

तिकडंच चाललंय. युरोपात १०० वॅटपर्यंतच्या लॅपटॉपना यूएसबी-सी चार्जिंगचा नियम २८ एप्रिल २०२६ पासून आहे, आणि कंपन्या एका खंडासाठी वेगळं मॉडेल सहसा काढत नाहीत. यूएसबी-पीडी (पॉवर डिलिव्हरी) ३.१ मध्ये मर्यादा २४० वॅटपर्यंत गेली आहे, म्हणजे गेमिंग लॅपटॉपचा विटेएवढा ॲडॅप्टरही पुढं जाऊ शकतो.

पिन बसली म्हणजे चार्ज होईलच असं मात्र नाही. चार्जर ६५ वॅटचा आणि लॅपटॉप १०० वॅट मागणारा असेल तर हळू चार्ज होतो, जड काम करताना बॅटरी उतरतेसुद्धा. ६० वॅटच्या वर ५ अँपिअरची, आत ओळख-चिप असलेली केबल लागते. मोबाइलची केबल लावली तर चार्जर कितीही मोठा असला तरी ६० वरच थांबतो. आणि काही स्वस्त लॅपटॉपांचा सी पोर्ट फक्त डेटाचा असतो. पोर्टाशेजारी पिनेचं किंवा बॅटरीचं छोटं चिन्ह छापलंय का बघा, नाहीतर स्पेसिफिकेशनमध्ये ‘पॉवर डिलिव्हरी’ हे शब्द शोधा.

नवीन धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावला की हाताला झिणझिण्या येतात. खराब आहे का?

बहुधा नाही. चार्जरच्या आत विजेतला गोंगाट गाळणारा छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडा करंट बाहेरच्या बॉडीपर्यंत येतो. प्लास्टिकच्या लॅपटॉपला तो कळत नव्हता. आता बॉडी ॲल्युमिनियमची आणि चार्जर दोन पिनांचा, म्हणून मनगटाला जाणवतो. तीन पिनांचा चार्जर लावून बघा. तरीही येत असेल तर घराचं अर्थिंग तपासा: मल्टिमीटर एसीवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थ यांत मोजा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक, दहा-पंधरा दाखवलं तर वायरमनला बोलवा. जुन्या वाड्यांत तिसरं भोक असतं पण मागं तारच नसते, हेही बघून घ्या. जोराचा झटका बसत असेल तर मात्र तो चार्जर लगेच बाजूला काढा.

डेस्कटॉपचा मोठा डबा जाणार का?

ऑफिसातून जातोय. २०२४ चा मॅक मिनी १२.७ सेंटिमीटरचा चौकोन आणि ५ सेंटिमीटर उंच आहे. पॉवरचं बटण त्याच्या तळाला आहे, ते का तिथं ठेवलं हे ॲपलच जाणे. विंडोजच्या बाजूला इंटेलनं आपला एनयूसी नावाचा छोटा पीसी २०२३ मध्ये असूसकडं सोपवला, आणि त्या मापाचे मिनी पीसी आता भरपूर मिळतात.

आपल्याकडं मिनीचा खरा फायदा लाइट जाते तेव्हा दिसतो. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॅट-अवर. प्रत्यक्षात हाती लागते त्याच्या निम्म्याहूनही कमी. टॉवर आणि मॉनिटर मिळून १०० वॅट खात असतील तर १५-२० मिनिटं. मिनी आणि छोटा मॉनिटर ४५ वॅटमध्ये भागत असतील तर पाऊण तासाच्या आसपास. खानापूर भागात पावसाळ्यात झाड तारेवर पडलं की एवढ्यानं काही होत नाही, पण अर्ज भरून सेव्ह करायला पुरतं.

मोठ्या डब्यातली यंत्रं घेणाऱ्यांना एक सूचना. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये आता ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारा भाग) असतो. स्वस्त यूपीएस पायरीपायरीची लहर देतो, ती काही सप्लायना पटत नाही. लाइट गेली की यूपीएस टक् करतो आणि कॉम्प्युटर बंद पडतो. लोक बॅटरी बदलतात, दोष मात्र लहरीत असतो. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस लावा.

प्रोसेसर बसतो तो सॉकेट कुठला, हे विचारून घ्या. एएमडीनं एएम५ सॉकेटला २०२७ आणि पुढंही साथ देऊ असं जाहीर केलंय, म्हणजे तोच बोर्ड ठेवून प्रोसेसर बदलता येण्याची शक्यता जास्त. मोठं ग्राफिक्स कार्ड घेतलं तर त्याचा १६ पिनांचा प्लग पूर्ण आत बसलाय का ते टॉर्च मारून बघा. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० कार्डांचे प्लग वितळले त्यात अर्धवट बसलेली पिन हे मोठं कारण होतं. नंतरच्या १२व्ही-२x६ प्लगमध्ये खूण सांगणाऱ्या पिना आखूड केल्या, त्यामुळं प्लग नीट बसला नसेल तर कार्ड जोर घेतच नाही. केबल प्लगपासून साडेतीन सेंटिमीटर सरळ येऊ द्या, मगच वळवा.

नव्या कीबोर्डवर मराठी आणि कन्नड दोन्ही टाइप करायचं तर काय बघायचं?

इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) शिकलेला असाल तर तुमची अर्धी लढाई जिंकलेली आहे, कारण दोन्ही लिप्यांचा नकाशा एकच: ‘के’ वर क आणि ಕ, ‘जे’ वर र आणि ರ, शिफ्ट-‘एन’ वर ळ आणि ಳ. नगरपालिकेचा कन्नड अर्ज आणि मंडळाची मराठी पावती एकाच बोटांनी होते.

पण नवीन आखूड कीबोर्डांत नेमक्या आपल्या कळा चेपतात. ‘कॉलेज’ मधला ॉ बॅकस्लॅशवर आहे आणि ‘ऑफिस’ मधला ऑ त्याच कळीवर शिफ्टसह. एंटर मोठा करण्यासाठी हीच कळ अर्धी करतात. य स्लॅशवर आहे, उजव्या शिफ्टला खेटून. ‘सुऱ्या’ मधल्या ऱ्या साठी शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई असं दाबावं लागतं, म्हणजे एका शब्दात उजव्या कोपऱ्यात बोट जाणारच. दुकानात नोटपॅड उघडून ‘ऑफिसच्या पायऱ्या’ पाच वेळा टाइप करा. तिसऱ्या वेळी बोट चुकलं तर तो कीबोर्ड तुमचा नव्हे.

२०२४ पासून आलेली कोपायलट कळ बऱ्याच लॅपटॉपांत उजव्या कंट्रोलच्या जागी बसली आहे. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या प्रोग्रामनं ती बदलता येते. आणि १४ इंचीत आकड्यांचा पॅड सहसा नसतो. टॅलीवर दिवसभर बसणाऱ्यानं १५.६ किंवा १६ इंचीच घ्यावा.

घडीचे, गुंडाळीचे पडदे?

लेनोवोनं २०२५ मध्ये १४ इंचांचा पडदा वर सरकून १६.७ इंच होणारा लॅपटॉप दाखवला. बघायला झकास. फाउंड्रीच्या वाळूची धूळ आणि सरकणारा पडदा यांचं जमेल असं वाटत नाही.

जुना विंडोज १० चा कॉम्प्युटर टाकून द्यायचा का?

विंडोज १० ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती वापरासाठी नोंद केली तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर असेल तर यंत्र विंडोज ११ ला चालण्यासारखं आहे. विंडोज-आर दाबून ‘टीपीएम.एमएससी’ चालवा, टीपीएम या सुरक्षा चिपची आवृत्ती २.० दिसली की झालं. दिसत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे यंत्र चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, ती बहुधा बंद ठेवलेली असते.

इथं लोक एक चूक हमखास करतात. विंडोज ११ साठी म्हणून बायोसमध्ये जाऊन थेट सिक्युअर बूट चालू करतात आणि यंत्र उठतच नाही. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असते म्हणून. आधी डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, मग विंडोजमधल्याच ‘एमबीआर२जीपीटी’नं आधी तपासणी आणि नंतर बदल करा, आणि त्यानंतरच बायोसमध्ये यूईएफआय निवडा. आधीच बदलून बसला असाल तर घाबरू नका, बायोसमधला बदल परत फिरवला की जुनं विंडोज उठतं.

कोल्हापुरातून घेतलं तर वॉरंटीला अडचण येते का?

कंपनीची वॉरंटी भारतभर तीच. घरी येऊन दुरुस्ती मिळणार असेल तर तुमचा पिनकोड त्यात बसतो का, हे खरेदीआधी कंपनीकडून विचारून घ्या. खानापूरच्या आतल्या गावांना हे जास्त लागू. फरक पडतो तो बिलात. बेळगावचा जीएसटी नंबर असलेल्यानं महाराष्ट्राचा एसजीएसटी (राज्याचा जीएसटी) लावलेलं बिल आणलं तर त्याचं क्रेडिट इथं मिळत नाही. आपला नंबर आणि बेळगावचा पत्ता देऊन माल इथं पाठवायला सांगा, म्हणजे आयजीएसटी (दोन राज्यांमधला जीएसटी) लागतो आणि १८ टक्क्यांचं क्रेडिट घेता येतं. बिलावर सीरियल नंबर छापलाय का ते काउंटरवरच बघा. ॲडॅप्टर सुटा घेतलात तर त्यावर ‘आर-’ आणि पुढं आठ आकडे असतात, ते भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. भलत्याच वस्तूचं नाव आलं तर तिथल्या तिथं परत करा.